जागा न अडवणारी वस्तू

सकाळी दुकानाचं शटर वर करून, कॉम्प्युटर चालू करून, चहाचा पेला टेबलावर ठेवून त्यानं नेहमीसारखी बायकोची साइट उघडली, तर तिथं बायकोचं काहीच नव्हतं. वर नाव तेच होतं, डागगेला डॉट कॉम. त्याखाली तिचा मजकूर असायचा. डाव्या बाजूला शाईचे डाग, गंजाचे डाग, तेलाचे डाग, रक्ताचे डाग अशी तिनं लावलेली रांग असायची, आणि अगदी तळाशी तिचा फोटो, त्यानंच गॅलरीत काढलेला, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे वैतागलेला. त्यातलं काही नव्हतं. पांढरं पान होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, हे नाव विक्रीला आहे. खाली कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात, तिच्या खाली पत्त्यांच्या जुगाराची. त्याला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. एका बोटानं त्यानं परत एकेक अक्षर टाइप केलं. परत तेच पान. चहावर साय धरली तरी तो बोट उचलून बसला होता. मग मशीनच बिघडलं असेल म्हणून तो शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाला काचा पुसत होता. त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं, मान मागे घेऊन वाचलं आणि म्हणाला, "काय दादा, वहिनींची साइट विकायला काढलीत? निदान कानावर तरी घालायचं."

"मी नाही विकत."

"मग कोण विकतंय?"

 बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं जे काही होतं ते त्याच्याच घरात, त्याच्याच कपाटात होतं अशी त्याची समजूत होती, आणि आता कुणीतरी तिसराच माणूस तिचं नाव रस्त्यावर मांडून बसला होता. तो आपल्या दुकानात परत आला. दोन्ही बाजूंना कपाटं, उलटी करून एकावर एक चढवलेली टेबलं, खुर्च्यांचे मनोरे, मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. त्या वाटेनं जाताना रोज चुकवायचा तो टेबलाचा कोपरा आज त्याच्या मांडीत बसला. त्याला लागलं ते जरा वेळानं कळलं.

त्याचा धंदा जुन्या सामानाचा. कुणी गाव सोडून चाललं, कुणी मोठ्या घरातून लहान घरात चाललं, कुणी गेलं, की त्याला बोलावणं यायचं. तो घरभर एक चक्कर मारायचा, कशाला हात लावायचा नाही, कशाची स्तुती करायची नाही की नावं ठेवायची नाहीत, आणि दाराशी येऊन सगळ्या घराचा मिळून एक आकडा सांगायचा. फोनवर मात्र तो प्रत्येकाला आधी एक गोष्ट बजावायचा. जे ठेवायचं असेल ते मी यायच्या आधी बाजूला काढा, माझ्यासमोर काढलंत तर त्याची किंमत होते. लोक हो हो म्हणायचे आणि विसरायचे. मग तो चक्कर मारत असताना कुणीतरी एखाद्या साध्या स्टुलाजवळ जाऊन उभं राहायचं, त्यावर हात ठेवायचं, हात काढायचं, परत ठेवायचं. तो दुसरीकडे बघायचा. पण बघितलेलं बघितलेलंच असायचं. बायको म्हणायची, "तुमचं काम म्हणजे लोकांच्या हातांकडे बघायचं काम." तिच्या हातांना कायम व्हिनेगरचा, स्पिरिटचा, साबणाचा असा मिळून एक वास असायचा. ती मुद्दाम डाग पाडायची. जुन्या चादरींचे, त्याच्या जुन्या शर्टांचे हातभर तुकडे कापून त्यांवर शाई, तेल, चहा, बिटाचा रस सांडायची, काहींवर लगेच काम करायची, काही महिनाभर मुरवायची, आणि गॅलरीत दोरीला ते सगळे तुकडे चिमटे लावून टांगलेले असायचे. पाहुणे विचारायचे, हे काय वाळत घातलंय? तो म्हणायचा, अभ्यास. लोक तिला कुठून कुठून लिहायचे. पांढऱ्या शर्टावर पेन फुटलंय, उद्या मुलाखत आहे, डागकाकू काय करू? आणि ती हातातलं पोळपाट-लाटणं ठेवून आधी उत्तर द्यायची. यातून पैसा कधी आला नाही. एकदा कुणीतरी ती साइट विकत घ्यायची तयारी दाखवली होती. तिनं त्याला विचारलं होतं, "तुम्ही जाणकार. सांगा, किती सांगू?" तो हसत म्हणाला होता, "लाकूड नाही, लोखंड नाही. मोडीतसुद्धा काही यायचं नाही." तीही हसली होती. म्हणाली होती, "चला, म्हणजे विकायचा प्रश्न मिटला."

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दुपारी तिला फोन लागला तेव्हा तिनं दोन मिनिटांत शोधून काढलं. साइटचं नाव कायमचं विकत मिळत नसतं, ते दरवर्षी थोडे पैसे भरून पुढं चालू ठेवावं लागतं. आईच्या कार्डातून ते आपोआप जात होते.

"आणि आईचं कार्ड?" ती म्हणाली.

"ते बंद केलं मी. लगेच केलं होतं. बँकेतली बाई म्हणाली पण, किती व्यवस्थित आहात."

मुलीनं तिकडं तारखा जुळवून बघितल्या. मग म्हणाली, "त्यांनी आठवणीच्या मेल पाठवल्या असणार. त्या आईच्याच पत्त्यावर गेल्या. मुदत संपल्यावर अशी सुटलेली नावं उचलायला लोक टपलेलेच असतात, बाबा. मशीनच उचलतं. तुझी काही चूक नाही यात."

"मी कुठं म्हटलं चूक आहे?"

"तुझा आवाज म्हणतोय. आणि हे बघ, आईचं लिखाण सगळं माझ्याकडे आहे. एक ओळ गेलेली नाही. आपण दुसरं नाव घेऊ, जवळपासचं. डॉट नेट घेऊ. चार चहाच्या पैशांत येईल."

तिचं बरोबर होतं. हिशेबानं बघितलं तर गेलेलं काहीच नव्हतं. तरी त्याला ते पटेना. घर तेच ठेवून गल्ली बदलायची म्हणजे जुन्या गल्लीतल्या त्या दारावर लोक येत राहणार, आणि दार उघडणार दुसराच कुणीतरी. त्याच्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. कुणीतरी ते नाव घेतलंय, त्यावर वाटेल ते छापलंय, ब्लीच ओता, गरम पाणी ओता. कुठंतरी एक बाई आपला एकुलता एक चांगला कपडा बादलीत बुडवतेय, कपडा जागच्या जागी विरतोय आणि ती म्हणतेय, डागकाकूंनी सांगितलं होतं म्हणून केलं. त्याचा जीव टांगणीला लागला. त्यानं मुलीला सांगितलं, "नाव तेच पाहिजे." ती म्हणाली, "मग योग्य किंमत काय ती आधी ठरव. तुला मी शिकवायला नको. आणि त्यांना कळू देऊ नकोस की तू कोण."

योग्य किंमत. तीस-पस्तीस वर्षं तो हेच करत आला होता. कुठल्याही वस्तूपुढं उभं राहिल्यावर तो मनात तीन गोष्टी विचारायचा. तशीच नवी घ्यायला काय पडेल, समोरच्याला ही काय पडली, आणि न विकता ठेवून द्यायची तर काय पडेल. त्या तिघांच्या मधे कुठंतरी खरी किंमत उभी असायची. त्यानं तसंच करायचं ठरवलं. नवं नाव घ्यायला काय पडतं ते मुलीनं सांगितलंच होतं. समोरच्याला जवळजवळ तेवढंच पडलं असणार. मुलीनं त्याला नावांची किंमत सांगणारी दोनचार ठिकाणं दाखवली होती. नाव टाकायचं, मशीन अक्षरं मोजतं, शब्द ओळखीचा आहे का बघतं, आकडा सांगतं. एका मशीननं सांगितली एका मोडक्या स्टुलाएवढी. दुसऱ्यानं सांगितली अख्ख्या जेवणघराच्या फर्निचरची. तिसऱ्याला शब्दच कळला नव्हता, ते विचारत होतं, हे स्पेलिंग बरोबर आहे ना? मागं कुठली नावं कितीला गेली याचीही माहिती होती. ती तो दोन संध्याकाळी वाचत बसला. लहान नावं महाग, लांब स्वस्त. सगळ्या जगाला कळणारा शब्द महाग, चार लोकांना कळणारा स्वस्त. त्या हिशेबानं तिचं नाव एका साध्या, बिनहाताच्या खुर्चीत बसत होतं. इथवर सगळं ठीक होतं. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र तो अडला. कपाट दुकानात पडून राहिलं की जागा अडवतं. जागेला भाडं पडतं, उन्हानं पॉलिश उडतं, वाळवीची भीती, म्हणून चार महिन्यांनी मालक स्वतःच भाव उतरवतो. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालला होता, की वस्तू जागा अडवते. नाव काहीच अडवत नव्हतं. ते उन्हात विटत नव्हतं, त्याला वाळवी लागत नव्हती, त्याच्यावर धूळ बसत नव्हती. विकणारा दहा वर्षं थांबू शकत होता आणि त्याला थांबल्याचं कळणारही नव्हतं. थांबणं महाग पडणारा या व्यवहारात एकच माणूस होता, आणि तो इकडं एका उलट्या टेबलाच्या पायाला धरून उभा होता.

पानावर चौकशीची जागा होती तिथं त्यानं आपला नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज तरुण होता, गोड होता, अशा आवाजाची माणसं सहसा विमा विकतात.

"नमस्कार काका. डागगेलाची चौकशी तुम्ही केली होती ना? ते काम मी बघतो."

"नाव तुमचं आहे?"

"मालक वेगळे. मी मधला माणूस."

"मालक कोण?"

"ते सांगता येत नाही काका, आमच्याकडे पद्धत नाही तशी. मालकांकडे हजारो नावं आहेत. खरं सांगायचं तर हे आपल्याकडे आहे हेही त्यांना आठवत नसेल."

हजारोंमधलं एक, आणि आठवतही नाही.  आवाज जमेल तितका कंटाळलेला करून त्यानं विचारलं, "बरं. काय म्हणतायत?"

त्या पोरानं आकडा सांगितला. दुकानाचं आठ महिन्यांचं भाडं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या पैशात त्यानं कधी काळी अख्खं घर उचललं होतं, पियानोसकट.

"हा सुरुवातीचा आकडा आहे काका. तुम्ही बोला ना. तुमच्या मनात काय आहे?"

हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. तो स्वतः तो हजारदा विचारत आला होता, याच सुरात, मान जरा तिरकी करून. याचं उत्तर जो आधी देतो तो हरतो. तो म्हणाला, "बघतो," आणि फोन ठेवला. हिशेबानं एक बिनहाताची खुर्ची, आणि मागतायत आठ महिन्यांचं भाडं. मधली एवढी मोठी रक्कम कसली? लाकडाची नाही, कारागिरीची नाही. मधली सगळी रक्कम म्हणजे तो स्वतः होता. त्याला ते नाव किती हवं होतं तेवढाच तो आकडा होता. हे समजल्यावर त्याला दुकानात बसवेना आणि बाहेरही जाववेना.

त्यानंतरचे दिवस त्याचे धड गेले नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याचं लक्ष मागच्या कॉम्प्युटरकडे. नाव विकलं तर गेलं नाही ना? सकाळी शटर उघडलं की आधी तेच पान. विक्रीला आहे असं दिसलं की छातीतून वाफ निघून जायची. मग तासाभरानं परत मनात पाल चुकचुकायची, एवढ्यात कुणी घेतलं असेल तर? परत उघडायचं. दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या आधी एकदा, डबा बंद केल्यावर एकदा. दुकान बंद करताना एकदा, आणि शटर अर्धं खाली ओढल्यावर वाकून आत जाऊन आणखी एकदा. तिच्या आजारपणात तो असाच करायचा. ती झोपलेली असली की दारातून बघायचा, श्वास चालतोय, परत यायचा, वर्तमानपत्राची चार वाक्यं वाचायचा, परत जाऊन बघायचा. एकदा तिनं डोळे न उघडताच म्हटलं होतं, "अहो, तुम्ही दाराशी उभे राहिलात की मला उगाच वाटतं, माझा भाव करतायत." तेव्हा दोघं हसले होते. तिला हसताना खोकला आला आणि मग तो बराच वेळ थांबला नाही. आता त्या पांढऱ्या पानापुढं वाकून उभं असताना त्याला तो खोकला अगदी जवळून ऐकू यायचा, आणि पावडरच्या जाहिरातीतली बाई पांढरा टॉवेल गालाला लावून हसत असायची.

पंधरवड्यानं त्यानं फोन केला. सहज केल्यासारखा, रस्त्यावरून, मागं गाड्यांचे आवाज येतील अशा बेतानं.

"काका, बरं झालं तुम्हीच केलात," मधला माणूस म्हणाला. "जरा अडचण झालीय. आकडा वाढलाय."

"वाढला? कसा काय वाढला?"

मधल्या माणसानं रक्कम सांगितली. ती अकरा महिन्यांच्या भाड्याएवढी होत होती, हा हिशेब याच्या डोक्यात आपोआप झाला. "मागणी दिसतेय काका. आम्हाला कळतं ना, पान कोण किती वेळा उघडतं ते. तुमच्यापासून काय लपवायचं. रोज सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला कुणीतरी येतंच. मग दिवसभर तासातासाला. संध्याकाळी दोनदोनदा. आणि सगळं एकाच शहरातून. मालकांचा अंदाज आहे, एखादी कंपनी नजर ठेवून बसलीय."

तो फुटपाथवर थांबला. मागून येणारा एकजण त्याच्यावर आदळता आदळता वाचला आणि काहीतरी पुटपुटत पुढं गेला. कंपनी. ती कंपनी म्हणजे तो होता. कामाला एकच माणूस, तोही वयस्कर, एका बोटानं टाइप करणारा. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, तेच तो दिवसातून पंधरा वेळा व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत करत होता. स्टुलावर हात ठेवत होता, काढत होता, परत ठेवत होता, आणि समोरचा दुसरीकडे बघत आकडा वाढवत होता.

आता उपाय सरळ होता. जायचं नाही. बघायचं नाही. पंधरा दिवस, महिनाभर पान उघडायचं नाही, म्हणजे कंपनीनं नाद सोडला असं त्यांना वाटेल आणि भाव आपोआप खाली बसेल. त्यानं मुलीलाही बजावलं, "तूसुद्धा उघडू नकोस."

"मी कुठं उघडते बाबा? पहिल्या दिवसानंतर मला नाही बघवलं."

म्हणजे आपण एकटेच, असं त्याच्या मनात आलं आणि तिथंच अडकून बसलं. दुकानातली खुर्ची त्यानं फिरवून घेतली, पाठ कॉम्प्युटरकडे, तोंड रस्त्याकडे. चष्मेवाल्यानं येता-जाता दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी दारात टेकून म्हणाला, "मशीनशी अबोला?"

"भाव पाडतोय."

"कशाचा?"

तो रस्त्याकडेच बघत राहिला. चष्मेवाला थांबला, त्याचा चष्मा नाकावरून उचलून घेतला, आपल्या फडक्यानं पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला आणि गेला. खरंच, कशाचा? भाव पाडायचा म्हणजे काय करायचं, तर तिला विचारायला आता कुणी येत नाही हे सिद्ध करून दाखवायचं. तो गेला नाही, मुलगी गेली नाही, तर त्या पानावर दिवसभर कुणी फिरकणार नाही. मशीन तसं नोंदवेल. आज शून्य. उद्या शून्य. मालकाला कळेल, मधल्या माणसाला कळेल, की या नावाचं कुणी उरलेलं नाही, आणि मग ते त्याला स्वस्तात मिळेल. जेवढं स्वस्त तेवढं ते खरं. त्याची बोटं उगाच पँटवर टाइप केल्यासारखी हलायची. कधी कधी उठून तो मशीनपर्यंत जायचा, त्यावरची धूळ पुसायचा आणि परत यायचा.

त्या दिवसांतच त्याला एका निवृत्त शिक्षिकेचं बोलावणं आलं. नवरा गेला होता, त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. तो गेला तर दारातून आत शिरता येईना. बाहेरची सगळी वाट खुर्च्यांनी, पुस्तकांच्या खोक्यांनी, गाद्यांनी, भांड्यांनी छतापर्यंत भरलेली. बाई पलीकडून ओरडल्या, "डावीकडून या, आरामखुर्चीच्या पायाखालून." तो वाकून आत गेला. खोल्या रिकाम्या होत्या. भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन होते. एका कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करायचं एक स्टँड होतं, एक पाय तुटलेलं.

"विकायचं काय आहे?" त्यानं विचारलं.

"हे," बाई त्या स्टँडकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्हीच फोनवर म्हणालात, ठेवायचं ते आधी बाजूला काढा. काढायला बसले तर थांबताच येईना."

"बहिणीकडे एवढं मावेल?"

"नाही ना. दोन खोल्या आहेत तिच्या." त्या जरा थांबल्या आणि एकदम हसायला लागल्या. मग तोही हसला. दोघं त्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून बराच वेळ हसले. त्यानं त्या तुटक्या स्टँडचे चांगल्या स्टँडएवढे पैसे दिले आणि ते खांद्यावर टाकून पायी दुकानात आला. रस्त्यात लोक बघत होते. त्याला त्या बाईंचा हेवा वाटत होता. त्यांनी निदान व्यापारी यायच्या आधी बाजूला काढलं होतं.

महिना पुरा व्हायच्या आधीच त्याच्यानं राहवेना. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं मधल्या माणसाला फोन लावला. आवाज घट्ट ठेवला. "काय, गेली का तुमची ती कंपनी?"

"गेली काका. सकाळचं ते गिऱ्हाईक बंदच झालं. तुमचं नशीब चांगलं आहे."

त्यानं डोळे मिटले. झालं. आता आकडा खाली येणार होता, आणि तो ऐकायची त्याला भीती वाटत होती. "म्हणजे आता कुणी येत नाही," तो म्हणाला.

"तसं नाही. बाकीचे आहेतच की."

"बाकीचे कोण?"

"रोजचे सात-आठ. वेगवेगळ्या गावांचे. आधीपासूनच होते ते. त्या एकाच्या गर्दीत दिसत नव्हते, तो थांबल्यावर दिसायला लागले."

त्याच्या हातातला फोन कानाला चिकटला होता. तो कपाटाच्या कडेला टेकला. "काय बघायला येतात?"

"आता तिथं बघायला काही नाहीच ना काका. पण जुन्या कुठल्या पानावर यायला बघतात ते आम्हाला दिसतं. थांबा हं." तिकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. "लोकरीवरची शाई. कॉलरवरचा घाम. भाड्याच्या घरातला गालिचा, मालकाला कळायच्या आत. असली काहीतरी आहेत. सगळ्यात जास्त लोक येतात ते एकाच पानावर, त्याचं नाव जरा वेगळंच आहे." त्यानं वाचून दाखवलं. "अंथरूण ओलं झालं तर, न रागावता."

 ते पान तिनं लिहिलं तेव्हा त्याची आई त्यांच्याकडे अंथरुणाला खिळून होती. आईला रोज सकाळी लाज वाटायची, ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि बायको चादर काढताना तिच्याशी दुसरंच काहीतरी बोलत राहायची, भाजी काय आणू, शेजारणीनं नवे पडदे कसले भयंकर लावलेत. तो दाराबाहेर बादली घेऊन उभा असायचा. ते तिनं लिहून ठेवलं हे त्याला माहीत होतं. ते कुणी वाचतं, तिच्यामागं अजून शोधत येतं, हे माहीत नव्हतं.

"आमच्या आजोबांचं पण तेच चाललंय सध्या," मधला माणूस एकदम म्हणाला. त्याचा विम्याचा आवाज गेला होता. "आई फार चिडते. मी म्हटलं बघावं काय लिहिलंय, तर पान उघडतच नाही ना."

"चादरीखाली नुसतं रबरी कापड नका घालू, वर एक जुनी पातळ चादर दुमडून घाला," तो म्हणाला. "तेवढीच ओढून काढता येते. आणि आधी गार पाणी. गरम नाही."

"गार. बरं."

 मग त्याच्या तोंडून आकडा निघाला. त्यानं तो ठरवला नव्हता, तीन प्रश्नांतून काढला नव्हता, कुठल्या मशीननं सांगितला नव्हता. सहा महिन्यांचं भाडं. समोरच्यानं विचारलं नसताना, आपण होऊन.

"झालं काका," मधला माणूस म्हणाला.

"मालकांना विचारायला नको?"

"तेवढा अधिकार आहे मला."

म्हणजे खाली अजून जागा होती. पहिल्या बोलीला श्वास न घेता हो आलं म्हणजे निम्म्यातही झालं असतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं स्वतः किती वेळा तसंच झटकन हो म्हटलं होतं, समोरच्याचं मन बदलायच्या आत. चार महिन्यांच्या भाड्यात झालं असतं. तीनमध्ये झालं असतं. कदाचित आजोबांची गोष्टसुद्धा धंद्याचा भाग असेल, कुणी सांगावं. त्यानं तशी शंका घेऊन बघितली. ती कुठं बसेना, उठून गेली. आपण फसलो याचा राग येईल म्हणून तो वाट बघत राहिला, आणि राग येईना. धंद्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला राग न यावा याचीच त्याला जरा धास्ती वाटली.

पैसे गेले. दोन दिवसांनी नाव आलं. येतं म्हणजे काय, एका खात्यात एक ओळ उमटते. मुलगी फोनवरून सांगत होती, इथं दाब, आता तिथं, घाई करू नको. एका जागी पान थांबलं.

"हे विचारतंय, किती वर्षांसाठी भरायचे," तो म्हणाला.

"दहा कर. त्याहून जास्त देतच नाहीत. एकदा भरून टाक म्हणजे डोक्याला ताप नाही."

त्यानं आकड्यांवरून नजर फिरवली. एक, दोन, तीन, पाच, दहा. दहा वर्षांचेही फार नव्हते, दिलेल्या पैशांपुढं काहीच नाही. दहा केलं की दहा वर्षं कुणी काही विचारणार नाही. तो असला तरी, नसला तरी. नाव आपलं तिथं पडून राहील, त्याच्यावाचून काही अडणार नाही. त्याला आठवलं, तिच्या गोळ्यांच्या वेळा असायच्या. दवाखान्याची तारीख असायची, ती जवळ आली की आठवडाभर आधीपासून त्याच्या पोटात कालवायचं. रात्री ती विचारायची, कुलूप नीट लावलंत ना? आणि लावलेलं असूनही तो परत जाऊन बघायचा. एकेक करून ते सगळं संपलं होतं. तिच्या नावानं जीवाला घोर लावील असं घरात काही उरलं नव्हतं. लोक त्याला म्हणायचे, आता तुम्ही मोकळे. चांगल्या मनानंच म्हणायचे.

त्यानं एक वर्षावर बोट ठेवलं आणि दाबलं.

"केलंस का?" मुलीनं विचारलं.

"केलं."

"दहा ना?"

"अगं, केलं म्हटलं ना. तू जेवलीस का?"

पडद्यावर पुढच्या वर्षीची तारीख आली. त्याच्या आत मुदत वाढवली नाही तर नाव हातचं जाईल, असं तिच्याखाली लिहिलं होतं. त्यानं ती तारीख मनात दोनदा म्हणून घेतली. पोटात तो जुना, बारीकसा गोळा उठला, आणि तो खुर्चीत जरा सरळ होऊन बसला.